कंट्रोलची पाच झाडं

ताई, नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली, वय २८. बॉटनीत एम.एस्सी. केलं, सेट पास झाले. आता एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करते आहे आणि तिथेच सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, तास घेते. तिसरं वर्ष संपत आलं. विषय हापूसचा पुनर्मोहोर. प्रयोग आमच्याच बागेत, तीस कलमांवर : सहा ट्रीटमेंट, प्रत्येकीची पाच रेप्लिकेशन, म्हणजे पाच झाडं. त्यातली एक ट्रीटमेंट कंट्रोल, म्हणजे बिनफवारणीची. फवारणी केव्हा केली तर पुनर्मोहोर थांबतो आणि फळ टिकतं, ते बघायचं होतं. पहिल्या हंगामाचा निकाल एनएस. दुसऱ्या हंगामात ऐन मोहोरात पाऊस पडला, पुन्हा एनएस. सर चांगले आहेत, पण कधीही गेलं तरी ‘बघू’ म्हणतात.

गेल्या महिन्यात कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मी नोंदणीच्या टेबलावर बिल्ले वाटत होते. माझ्याच वर्गातली एक मुलगी आली. ती आता तहसीलदार आहे, स्टेजवर तिचा सत्कार होता. बिल्ला घेताना म्हणाली, ‘अगं, तू अजून इथेच?’ तिच्या मनात काही वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण त्या रात्री झोप लागली नाही. स्मरणिकेत ‘आमचा अभिमान’ म्हणून बारा पानं आहेत. अधिकारी, बँकवाले, परदेशातले, उद्योजक. संशोधन करणारं त्यात एकही नाव नाही.

गावात म्हणतात, ‘गो, आंबे काय तुझ्या पीएचडीक इचारून धरतत?’ बाबा म्हणतात, ‘तुझ्या त्या कंट्रोलापायी माझी पाच कलमां दोन वर्सां फुकट गेली.’ (पावसाळा संपला की झाडांवरचे पुसट नंबर मात्र तेच परत रंगवतात, ते जाऊ दे.) भाऊ म्हणतो, सोड हे, पुण्याला जा, एमपीएससी कर. ताई, सोडू का?

तुमची,
एनएस


प्रिय एनएस,

सही वाचून आधी हसले. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रयोगाचे आकडे संख्याशास्त्राच्या चाळणीतून काढले की कधीकधी तक्त्याच्या तळाशी ‘एनएस’ ही दोन अक्षरं येतात. म्हणजे जे जे वेगवेगळं करून पाहिलं, त्यांच्यातला फरक दखल घ्यावी एवढा नाही. ही अक्षरं आली की संशोधन करणाऱ्या पोराचं तोंड बघवत नाही. पण तक्त्याखालची अक्षरं कुणी सहीच्या जागी लिहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

प्रयोगाबद्दल तू चार ओळी लिहिल्यास आणि मेळाव्याबद्दल दहा. मी उलटं करणार आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोर येतो, कणी धरते. मग जानेवारी-फेब्रुवारीत थंडी परत वाढली की त्याच काडीवर नवा मोहोर फुटतो. झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि वाटाण्याएवढी, सुपारीएवढी झालेली फळं गळतात. म्हणजे जो आंबा लवकर तयार होऊन भाव खाणार, तोच जातो. यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जिबरेलिक ॲसिडची शिफारस केलेली आहे : ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. तू त्या फवारणीच्या वेळा मागेपुढे करून पाहत होतीस, असं मी धरून चालते.

मग मला सांग, त्या दोन हंगामांत तुमच्या बागेत पुनर्मोहोर आला होता का? वेड्यासारखा प्रश्न वाटेल, पण कंट्रोलच्या झाडांवर शंभर काड्यांपैकी किती काड्यांवर दुसरा मोहोर फुटला, हा आकडा तुझ्या वहीत असणारच. तो चार-पाचच असेल, तर त्या वर्षी रोखायला काही नव्हतंच. सर्दी झालेली नसताना काढा दिला आणि सर्दी बरी झाली नाही, अशी तक्रार कोण करतो? तुझ्या तक्त्यात तो एनएस औषधाचा नसून त्या वर्षाच्या हवेचा असू शकतो. त्यासाठी रात्रीचं तापमान किती उतरलं होतं, किती दिवस उतरलं होतं, हे मोहोराच्या तारखांशी जोडून मांडावं लागेल. हे केलं आहेस का? पत्रात तरी दिसलं नाही.

दुसरी गोष्ट. हापूस हे वर्षाआड धरणारं झाड. शेजारी-शेजारी, एकाच वयाची, एकाच खड्ड्याच्या मातीची दोन कलमं. एकावर चारशे आंबे, दुसऱ्यावर साठ. अशा तीस झाडांचा सरळ सरासरी हिशोब मांडला तर झाडाझाडांतलाच फरक एवढा मोठा निघतो, की तुझ्या फवारणीचा फरक त्यात बुडून जातो. भरतीत दगड दिसत नाही म्हणून तिथे दगड नाही, असं कुठला खलाशी म्हणेल? प्रयोगाआधीच्या वर्षांत कुठलं झाड कसं धरत होतं, हे हाताशी असेल तर तो फरक हिशोबातून बाजूला काढता येतो. संख्याशास्त्राची माणसं त्याला कोव्हेरिअन्स म्हणतात. तुमच्याच कॉलेजात संख्याशास्त्राचा विभाग असेल, तिथे एक दुपार जाऊन बस. आता तू म्हणशील, आधीच्या वर्षांचे झाडवार आकडे आणू कुठून? ते आहेत. शेवटी सांगते.

आणि ही गोष्ट बाबांसाठी. ‘पाच कलमां फुकट गेली’ असं ते म्हणतात. तुझाच तक्ता त्यांना दाखव. एनएस आलं याचा अर्थ, बिनफवारणीच्या पाच झाडांचं उत्पन्न फवारलेल्या पंचवीस झाडांपेक्षा लक्षणीय कमी आहे, असं सिद्ध झालेलं नाही. वर त्या पाचांचा औषधाचा आणि गड्यांचा खर्च वाचला, तो निराळाच. पण हे सांगताना जीभ आवर. ‘म्हणजे औषध कुचकामी’ असं ते गावभर सांगून मोकळे होतील, आणि तेही सिद्ध झालेलं नाही. फरक नसणं आणि फरक न दिसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण कदाचित याच दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

सरांचं ‘बघू’. आपल्याकडे ‘बघू’ हा होकारही असतो, नकारही असतो आणि पुष्कळदा ‘मला आत्ता वेळ नाही’ एवढाच त्याचा अर्थ असतो. तोंडी विचारलंस तर तोंडी ‘बघू’च मिळणार. एक पान लिही. वर दोन हंगामांचा निकाल चार ओळींत, खाली दोनच प्रश्न, ज्यांचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल : तिसरा हंगाम घेऊ का, आणि जुन्या उत्पन्नाचे आकडे हिशोबात घेऊ का. तारीख घालून ते ईमेल कर आणि छापील प्रत हातातही दे. शिवाय दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. ती तारीख सरांकडून ठरवून घे. चहा-बिस्किटांपुरती नव्हे, खरी बैठक. समितीत दुसरे जे असतात त्यांना बहुतेक वेळा कुणी काही विचारतच नाही. तू विचार.

आता तो बिल्ला.

स्मरणिका कशा निघतात ते मी आतून सांगते, कारण दोन माझ्याच हातून निघाल्या आहेत. व्हॉट्सॲपवर निरोप जातो, ‘आपली माहिती आणि फोटो पाठवा’. ज्यांना स्वतःची माहिती पाठवायला संकोच वाटत नाही, त्यांची येते. ज्यांची जाहिरातही येते त्यांचा फोटो मोठा लागतो. शेवटच्या रात्री चार पानं कमी पडतात, तेव्हा कुणाचा तरी मेहुणा आत शिरतो. ही यादी म्हणजे कॉलेजच्या कामाचा जमाखर्च नव्हे गं. मी संपादक असताना आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव राहून गेलं. त्याने आयुष्यभर एकाच सड्यावरच्या पावसाळी फुलांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्याने कळवलं नाही, आणि मलाही आठवलं नाही.

तुमच्या जिल्ह्यातलंच बघ. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून १९७४ साली ‘वेंगुर्ला-१’ हा काजू बाहेर पडला. तो आला कुठून? शेजारच्याच आणसूर गावच्या निवडीतून. केंद्राच्या नोंदीत त्याचं नाव ‘आणसूर-१’. त्याचा वेतोऱ्याच्या ‘वेतोरे-५६’शी संकर झाला, १९८१ साली वेंगुर्ला-३ निघाला. त्या वेंगुर्ला-३मधून पुढे १९९७ साली वेंगुर्ला-७, ज्याची बी जवळजवळ दहा ग्रॅम भरते आणि ज्याची कलमं आज तुमच्याकडे कुणाच्या ना कुणाच्या परड्यात असणारच. चुलतमावशीकडे बघ. तेवीस वर्षांत तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर ज्यांनी बिया तोलून वजनं लिहिली, त्यांतले किती जण तिसरी पायरी बघायला तिथे नोकरीत असतील? बदल्या झाल्या असतील, निवृत्त झाले असतील. जातीला गावाचं नाव मिळालं, केंद्राचं मिळालं. तराजूपाशी बसलेल्याचं कुणाचंच मिळालं नाही.

आंब्यातही तेच. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’, मग रत्ना परत हापूसशी जोडून १९९२ साली ‘सिंधू’. सिंधूचा बाठा अगदी नावापुरता. आंबा चांगला आहे, खाऊन पाहिला आहे, तरी हापूसच्या गादीला त्याने धक्का लावलेला नाही. अकरा वर्षांनी पुढची पायरी, आणि तीही बाजाराने अर्धीच स्वीकारली. मग ते काम वाया गेलं म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. पण वाटणाऱ्याशी भांडायलाही मी जाणार नाही.

माजी विद्यार्थ्यांचा अभिमानच बाळगायचा तर दापोलीच्या जुन्या मिशन शाळेने बाळगावा. साने गुरुजी तिथले, पांडुरंग वामन काणे तिथले. काण्यांचं एवढ्यासाठी सांगते, की त्यांना एका संस्कृत ग्रंथाच्या आवृत्तीला जोडायला प्रस्तावना लिहायची होती. ती आटपेना. वाढत वाढत तिचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ झाला. पहिला खंड १९३० साली आला, पाचवा १९६२ साली, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. १९६३ साली भारतरत्न मिळालं. घर चाललं ते हायकोर्टातल्या वकिलीवर. आणि हे सांगताना माझी मलाच लाज वाटते, कारण थोरांची उदाहरणं देऊन कुणाचं मेसचं बिल भागत नाही. वकिली होती म्हणून प्रस्तावना लांबवता आली, हेच त्यातलं घेण्यासारखं.

तेव्हा पैशाचं बोलू. सीएचबीचं मानधन किती आणि कधी मिळतं ते मला सांगायला नको. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, असती तर महिन्याला ३७,००० मिळाले असते, दोन वर्षांनी ४२,०००. ती परीक्षा वर्षातून दोनदा होते, मुलींना वयात ५ वर्षांची सवलत आहे, तू अजून त्यात बसतेस. सेट झालीस म्हणजे अभ्यास अगदीच विसरली नसशील. बसून टाक. दुसरं, ‘पीएच.डी. झाल्याशिवाय प्राध्यापकी नाही’ हे कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे ज्या नोकरीसाठी हा डोंगर चढायचा असं तुला वाटतंय, तिचा दरवाजा डोंगराच्या पायथ्याशीच आहे. जागा भरतात का, हा वेगळा आणि कडू विषय. त्यावर लिहायला बसले तर सदर पुरणार नाही.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत. वर २ वर्षं वाढवून मिळू शकतात, स्त्रियांना आणखी २. बेरीज दहा. ही दहा वर्षं अडल्यानडल्यासाठी असतात, बाळंतपणासाठी, आजारपणासाठी. ‘बघू’साठी नसतात. शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध घेणार नाही, अशी यूजीसीची सक्ती आता राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढं कार्यालयात विचारून घे. कॅन्टीनमध्ये नको.

भावाचं म्हणणं. एमपीएससी वाईट नाही. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८ आहे, तुझ्याकडे वेळही आहे. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात अधिकारी व्हायचंय, असं एकही वाक्य नाही. भावाचं वाक्य आहे, तहसीलदार मैत्रिणीचं आहे, गावाचं आहे. पुण्यातल्या पेठेत कॉट बेसिसवर राहून जी मुलं चार-चार वर्षं काढतात, त्यांना निदान ते हवं तरी असतं. तुला हवं असेल तर जरूर जा, आणि जाताना दोनच प्रयत्न असं स्वतःशी ठरवून जा. बिल्ल्याच्या रात्रीचा राग घेऊन जाऊ नको. तो राग परीक्षेच्या पहिल्या टप्प्यापर्यंतही टिकत नाही.

त्या मैत्रिणीला मात्र फोन कर. रुसव्याचा नव्हे, कामाचा. ती तहसीलदार आहे ना? अवकाळी झाला की पंचनामे तिच्याच कचेरीतून होतात. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रांचे आकडे कुणाकडे मागायचे, अर्ज कसा करायचा, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. आंब्याच्या फळपीक विम्यात अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान असे निकष असतात, ते असल्याच आकड्यांवर ठरतात. दोन हंगामांचं रोजचं किमान तापमान तुला हवंय, आठवतंय ना, मी वर कशासाठी विचारलं? तिला सांग, ‘हो, मी अजून इथेच आहे, आणि मला तुझ्याकडून एक काम आहे.’ माजी विद्यार्थ्यांचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांना घरी पाठवतो, काम कुणी सांगतच नाही.

आता माझं थोडं. मी पीएच.डी. केलेली नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. सुरू केली होती. तीन वर्षं दर अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला खाडीत गुडघाभर चिखलात उतरायचं, मीटरभराची लोखंडी चौकट टाकायची आणि तिच्यातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मोजायच्या. लहान किती, मोठ्या किती, मेलेल्या किती. तिसऱ्या काढायला येणाऱ्या बायका मला हसायच्या, ‘बाई, मोजून परत टाकतेस, शिजवत का नाहीस?’ मग यजमानांची बदली झाली, मुलगी झाली, राहिलं. सात वह्या झाल्या होत्या. पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवल्या.

वीसेक वर्षांनी एक मुलगा घरी आला. त्याच खाडीवर तो अभ्यास करत होता. पूल झाला होता, रेती उपसून उपसून तळ बदलला होता, आणि त्याला एवढंच हवं होतं, की पूर्वी तिथे तिसऱ्या किती होत्या. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. शिडी लावून त्यानेच पेटी खाली काढली. उघडली तर वाळवी. पुठ्ठे तेवढे राहिले होते, त्यातल्या एकावर माझ्या अक्षरात ‘वही ४’. तो मुलगा बिचारा माझीच समजूत घालत बसला, आणि मी त्याला सोलकढी दिली. दुसरं द्यायला काही नव्हतं.

डिग्री गेली याचं मला पुढे कधी फार वाटलं नाही. नोकरी केली, पोरं शिकवली, दिवस चांगले गेले. ते पुठ्ठे मात्र अजून डोळ्यांपुढे येतात.

म्हणून ‘सोडू का’ या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. माझ्या मते सोडू नको, पण अजून एकच हंगाम. येत्या पावसाळ्यात, प्रयोगाचं काम थंडावलेलं असताना, दोन हंगामांवरची प्रकरणं लिहून टाक. जून ते सप्टेंबर, रोज दोन तास. नोव्हेंबरात मोहोर आला की तिसरी खेप. ती झाली की निकाल काहीही येवो, प्रबंध आत. तो शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, चढतो आणि मग तुझ्यासारखाच प्रयोग मांडायला निघालेली कर्नाटकातली, गुजरातेतली एखादी मुलगी तो उघडून बघते आणि तिची दोन वर्षं वाचतात. एनएसला स्मरणिकेत जागा नसते, तिथे असते.

आणि याउपर सोडायचंच ठरवलंस तर सोड, मी रागावणार नाही. पण आधी सगळं उतरवून काढ. तीस झाडांचा नकाशा, कुठल्या नंबराला काय मारलं आणि कधी, काड्यांची मोजणी, फळांची मोजणी, पाऊस पडला त्या दिवसाची तारीख. चुकलेल्या नोंदीसुद्धा, ‘या दिवशी गेले नाही, ताप होता’ हेही लिही. एक प्रत सरांना, एक ग्रंथालयात, एक स्वतःकडे. स्वतःकडची माळ्यावर ठेवू नको.

राहिले ते झाडवार आकडे. ते बाबांच्या डोक्यात आहेत. वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, त्यांनी जपून ठेवल्या असतील, पण पट्टीवर पेट्या असतात, झाडाचा नंबर नसतो. झाडं त्यांना तोंडपाठ आहेत. एका संध्याकाळी कंदी पेढे किंवा त्यांना आवडेल ते घेऊन बस, तीस नंबरांचा कागद पुढे ठेव, आणि प्रयोग सुरू होण्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांपुरतंच विचार. कुठलं कलम कुठल्या साली धरलं, कुठलं रिकामं गेलं, कुठल्यावर आंबा आधी तयार होतो, कुठल्यात साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, जास्त निघतो. तुझा तक्ता त्या दिवशी दाखवू नको, नाहीतर आठवण तक्त्याकडे झुकते. बागेतल्या हद्दीकडचं, वाऱ्याच्या तोंडचं झाड कुठलं हेही विचार. ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घे. ‘ह्या येक साल धरता, दोन साल निजता’ असं म्हणाले तर तसंच लिही, त्याचा आकडा नंतर करता येतो. संख्याशास्त्राचे सर आठवणीतल्या आकड्यांवर नाक मुरडतील, मुरडू देत. पट्ट्यांवरच्या वर्षाच्या एकूण पेट्यांशी ते ताडून पाहता येतात, निम्मं तरी जुळेल.

आणि ‘ते जाऊ दे’ म्हणून तू कंसात जे टाकलंस, ते मी काही जाऊ देणार नाही. नंबर रंगवताना बाबा कंट्रोलची पाच झाडं वगळतात का? मला तरी तसं वाटत नाही. या वेळी पावसाळा उघडला की ऑइलपेंटचा डबा तू घेऊन जा, पांढरा, आणि त्या पाचांपासून दोघं मिळून सुरुवात करा. ब्रश दोघांना दोन असतील असं बघ. ओल्या सालीवर रंग धरत नाही, आधी पुसून घ्या.

तुझी,
ताई